करंगळी आणि स्प्रिंग

संगणकावर तासन्‌तास लिहिताना कळ दाबता दाबता करंगळीतच कळ येऊ लागते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली एक खटका व त्या खटक्यात स्वतंत्र स्प्रिंग असते. जर्मनीतील चेरी कंपनीच्या काळ्या खटक्यास सुमारे ६० ग्रॅम भार लागतो, तांबड्यास ४५. तरी अक्षर उमटते ते दोहोंतही दोन मिलिमीटर खाली गेल्यावरच. कारण विद्युत्-मंडल पूर्ण करते ती धातूची पट्टी, स्प्रिंग नव्हे. म्हणूनच आम्ही काळ्या खटक्याच्या चार खिट्ट्या सोडवून झाकण उघडले व हलकी स्प्रिंग घातली. प्रथम मोहाने फारच हलकी घातली, तेव्हा नुसते बोट टेकताच नको ती अक्षरे उमटली! अखेर ४५ ग्रॅमांची बसविली, तीही करंगळीच्या वाट्याला येणाऱ्या कळींपुरतीच.