रंगीत क्यूआरमध्ये जास्त माहिती बसते?

रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात चहाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत क्यूआर स्टिकर दिसतात. कुठे जांभळे, कुठे निळे, कुठे नुसते काळे-पांढरे. आणि सारखं कानावर येतं : रंगीत कोडात डेटा जास्त बसतो. अहो, नाही बसत! एखादं जांभळं स्टिकर जवळून बघा. बहुतेक वेळा रंग चौकटीलाच असतो, आतला कोड काळाच.

आतला कोड रंगीत छापला तरी फरक पडत नाही. फोन प्रत्येक चौकोनाबद्दल एवढंच ठरवतो : गडद की फिका? एका चौकोनात एकच बिट. मासाहिरो हारा यांनी १९९४ साली जपानमध्ये तयार केलेल्या या कोडाचा सगळ्यात मोठा प्रकार १७७ × १७७ चौकोनांचा. त्यात जास्तीत जास्त ७,०८९ अंक मावतात. दुकानदाराचा यूपीआय आयडी आणि नाव यांना त्यातला कोपराही लागत नाही. मग जास्त जागा हवी कशाला?

रंगातच माहिती भरणारे कोड मात्र खरोखर आहेत, पण ते वेगळे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या ‘जॅब कोड’ला २०२२ मध्ये आयएसओ २३६३४ हे मानक मिळालं. त्यात चौकोनाला चार रंग असतील तर दोन बिट, आठ असतील तर तीन. म्हणजे दोनाचे आठ करून रंग चौपट केले तरी माहिती फार तर तिप्पट, आणि पुढे रंग दुप्पट करत गेलात तर दर वेळी एकाच बिटाची भर. त्यातही छापलेले रंग ओळखता यावेत म्हणून नमुन्याचे रंग कोडातच द्यावे लागतात. ती जागा जातेच. शिवाय पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि पिवळा वेगळे ओळखणं कॅमेऱ्याला जड जातं, आणि उन्हात सगळे रंग सारखे विटत नाहीत. रस्त्यावरच्या टपरीला काळा-पांढराच बरा. मायक्रोसॉफ्टनेही रंगीत त्रिकोणांचा ‘टॅग’ आणला होता. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली.

रंगीत कोड जास्त सुरक्षित? रंगाचा सुरक्षिततेशी संबंध नाही; पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा.

मधल्या लोगोत माहिती असते? उलट, लोगो माहितीवर बसतो. झाकलेला भाग कोडातच चूकदुरुस्तीसाठी ठेवलेल्या जादा बिटांवरून भरून निघतो.

कुठलाही रंग चालतो? पांढऱ्यावर फिका पिवळा छापलात तर गिऱ्हाईक फोन धरून ताटकळत राहील.

रंगीत स्टिकरने पेमेंटची मर्यादा वाढते? नाही, ती यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था आणि बँका ठरवतात.