महाराष्ट्रात एकेकाळी शहामृग फिरायचे! मग इथली माळरानं 'पडीक' कशी?

शहामृग म्हटलं की डोळ्यांसमोर येते आफ्रिका. पण शहामृगाच्या अंड्यांची कवचं आपल्या जळगाव जिल्ह्यातही सापडली आहेत. तीसुद्धा थोडीथोडकी नाही, सुमारे 25 हजार वर्षं जुनी!

ठिकाण आहे चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. अश्मयुगातल्या थरांमध्ये त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून बनवलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर तर चक्क रेघांची नक्षी कोरलेली होती.

शहामृगाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची साधारण दोन डझन अंडी. त्याचं कवच जवळपास 2 मिलिमीटर जाड असतं. म्हणून त्याचे मणी करता आले आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

पण तो शहामृगच होता कशावरून?

अशी कवचं राजस्थान आणि मध्य प्रदेशातही मिळाली आहेत. तिथल्या कवचांमधला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळणारा निघाला. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून कळतं काय?

शहामृग उडत नाही. लांबून शत्रू बघायचा आणि पळत सुटायचं, हा त्याचा जगण्याचा मार्ग. घनदाट जंगलात हे जमणार नाही. त्याला मोकळी जमीन लागते. म्हणजे त्या काळी इथे मोकळी, गवताळ जमीन भरपूर असणार.

भारतीय उपखंडात गवताळ प्रदेश पसरायला सुरुवात झाली ती साधारण 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी. पुढे हिमयुगं आली. शेवटचं हिमयुग सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी ऐन भरात होतं. तेव्हा मान्सून कमजोर होता आणि हवा कोरडी. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी ते संपलं आणि मान्सूनने पुन्हा जोर धरला. या सगळ्या उलथापालथीत शहामृग भारतातून नाहीसा झाला.

माळरान मात्र राहिलं. कारण सह्याद्री बराचसा पाऊस अडवतो आणि पलीकडच्या पर्जन्यछायेत पाऊस कमीच पडतो. अहिल्यानगर, सोलापूरकडचे माळ हे असे जुने आहेत.

जुनं मराठी साहित्यही हेच सांगतं. ओव्या, कथा, लोकगीतं यांमध्ये आलेल्या झाडाझुडपांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बरीचशी झाडं माळरानावरचीच निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं किमान 750 वर्षं तरी जुनी आहेत. जंगल तोडून इंग्रजांच्या काळात माळ तयार झाले, हा समज इथे टिकत नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे नावात. सरकारी नोंदींत अशी बरीच जमीन 'पडीक' म्हणून दाखवली जाते. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. कुठे कारखाना, कुठे सौर प्रकल्प, तर कुठे वृक्षारोपण.

त्याची किंमत मोजतोय माळढोक. 15 किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही वर्षाला बहुतेक एकच. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूरच्या नान्नज भागात अभयारण्य झालं. तरीही आज संपूर्ण देशात जंगलातले माळढोक दीडशेच्या आसपासच उरले आहेत. महाराष्ट्रात तर तो दिसणंच दुर्मीळ झालंय.

निसर्ग बदलतो तसे प्राणीही बदलतात, मग माळढोक का नाही बदलत? कारण असा बदल एका जन्मात होत नाही. ज्यांना नवी परिस्थिती मानवते ते जगतात, त्यांची पिल्लं वाढतात आणि अनेक पिढ्यांनंतर ती प्रजात बदललेली दिसते. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याला त्यासाठी हजारो वर्षं लागतात. तारा आणि कुंपणं तर वीस-तीस वर्षांत उभी राहिली. एवढ्या घाईत त्याने बदलायचं तरी कसं?

माळढोकासोबत तणमोर, काळवीट, लांडगा, खोकड हे सगळे याच गवतावर जगतात. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगरही.

झाडं लावणं चांगलंच. पण जिथे जंगल होतं तिथे. माळावर खड्डे खणून दाट झाडी लावली, तर गवत सावलीत मरतं आणि गवतावर जगणाऱ्यांचं घर जातं. त्यामुळे यंदा पावसाळ्यात 'ओसाड माळ हिरवा केला' असा फोटो फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे आधी काय उगवत होतं आणि कोण राहत होतं?