गावकी, भिशी आणि रिकामा भोपळा

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात!

तिसऱ्या सेमिस्टरला आपल्याला सोशल सायन्सचा एक पेपर असतो, जो कोणीच सिरियसली घेत नाही. मॅडमनी प्रेझेंटेशनच्या विषयांसाठी चिठ्ठ्या काढायला लावल्या. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'योरुबा समाजातील पारंपरिक आणि आधुनिक संस्था'. योरुबा? मला आधी एखादं सॉफ्टवेअरच वाटलं. मग कळलं की हा पश्चिम आफ्रिकेतला कोट्यवधी लोकांचा समाज आहे. मुख्य वस्ती नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, थोडी शेजारच्या बेनिन आणि टोगोमध्ये.

दिवाळीच्या सुट्टीत लायब्ररीची पुस्तकं घेऊन गावी गेले. आमचं गाव आगरदांडा, तालुका मुरूड, जिल्हा रायगड. राजपुरी खाडीच्या काठावर. समोर दिघी, मधे फेरीबोट, आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला. तसा आफ्रिकेशी आमच्या भागाचा संबंध जुनाच आहे. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेकडचे, आणि त्यांचं संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. योरुबा मात्र त्या खंडाच्या दुसऱ्या टोकाचे. त्यामुळे यात आपल्या ओळखीचं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. पण मी ओटीवर बसून आजीला एकेक गोष्ट सांगायला लागले, तर तिचं आपलं एकच, "आपल्याकडं पन हाच परकार हाय गो!"

आता 'संस्था' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, रजिस्टर नंबर आणि ट्रस्टी येतात. समाजशास्त्रात संस्था म्हणजे लोकांनी मिळून घालून घेतलेली आणि पिढ्यान् पिढ्या चालणारी रीत. तिला ऑफिस नसलं तरी चालतं. आजीच्या बोलण्यातून अशा तीन संस्था निघाल्या.

पहिली सावड. भाताच्या लावणीला सगळ्यांचीच घाई असते आणि मजूर मिळत नाहीत. मग चार-सहा घरं एकत्र येतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. पैसे नाहीत, फक्त दिवसाची परतफेड दिवसाने. योरुबा शेतकऱ्यांत याच पद्धतीला 'आरो' म्हणतात. आजोबा वारले तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. त्या पावसाळ्यात आमची लावणी गावाने केली, आणि आजीकडून परतफेडीचे दिवस कोणी मागितले नाहीत.

दुसरी भिशी. हिची ओळख करून द्यायला नको, आपल्या होस्टेलवर पण चालते. ठरावीक माणसं, ठरावीक रक्कम, ठरावीक दिवस, आणि पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम. योरुबांकडे हिचं नाव 'एसुसू'. विल्यम बॅस्कम या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ साली तिच्यावर खास लेख लिहिला. गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या लोकांनी ही रीत अटलांटिकपलीकडे नेली. वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला आजही लोक 'सुसू' लावतात. अंगावरचं सगळं गेलं, पण भिशी टिकली! आपल्याकडे बायकांच्या भिशीला १९९२ नंतर बँकेचा हात मिळाला. त्या वर्षी नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. रीत जुनी, पासबुक नवीन.

तिसरी, आणि सगळ्यांत मोठी, गावकी. १९५८ च्या कायद्याची ग्रामपंचायत वेगळी आणि गावकी वेगळी. गावकी कुठेही नोंदलेली नसते. देऊळ, होळीचा मान, स्मशान, बांधाची भांडणं, हे सगळं ती बघते. लग्नकार्याचे मोठे टोप आणि सतरंज्यासुद्धा गावकीच्याच असतात. गिरण्यांच्या काळात कोकणातला माणूस मुंबईला गेला तेव्हा गावकीही मागोमाग गेली, तिचं झालं मुंबई मंडळ. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची. नवीन आलेल्या पोराला पहिली वळकटी टाकायला जागा तिथेच मिळायची. लागोस शहरात गेलेल्या योरुबा लोकांनीही आपापल्या गावाच्या संघटना काढल्या, वर्गणी जमवून गावी शाळा बांधल्या. आज मंडळाची मीटिंग व्हॉट्सअ‍ॅपवर होते, एवढाच फरक.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी योरुबांच्या ओयो राज्याच्या प्रकरणाशी आले.

ओयोच्या राजाला 'आलाफिन' म्हणत. त्याच्यावर लक्ष ठेवायला सात सरदारांचं मंडळ होतं, ओयो मेसी. राजा फारच अन्याय करायला लागला तर हे मंडळ त्याला रिकामा भोपळा पाठवायचं. भोपळा आला की राजाने समजायचं, आपला खेळ संपला, आणि स्वतःचा जीव द्यायचा. आपल्याकडे युनिट टेस्टला भोपळा मिळाला तरी केटीवर भागतं, नशीबच! पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. अठराव्या शतकात या मंडळाचा प्रमुख गाहा याने याच अधिकाराच्या जोरावर एकामागून एक राजे संपवले आणि स्वतःच जुलूम सुरू केला. शेवटी १७७४ साली आलाफिन अबिओदुनने त्याला खाली खेचलं. म्हणजे राजाला आवरायला असलेलं मंडळच अनावर झालं.

हे वाचून दाखवलं तेव्हा आजी 'आपल्याकडं पन' म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझ्या आत्याला इचार."

आत्याचं सासर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावात आहे. नाव लिहीत नाही. २०१४ मध्ये मी आठ-नऊ वर्षांची असेन. तिच्या दिरांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध फॉर्म भरला. गावकीने दंड सांगितला, यांनी नाही म्हटलं, आणि घर वाळीत पडलं. वाण्याने सामान बंद केलं. गिरणीतून दळण परत आलं. जो बोलेल त्याला दंड, म्हणून शेजारीण मान खाली घालून पुढे जायची. नणंदेच्या साखरपुड्याला गावकीचे टोप मिळाले नाहीत. सासरे गेले तेव्हा खांदा द्यायला घरचेच चौघे होते. दोन वर्षांनी दंड भरून माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. मिटलं म्हणजे काय, आत्या अजून त्या गिरणीत पाऊल टाकत नाही.

रायगडमधली अशी प्रकरणं त्या काळात पेपरात सारखी यायची. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता, पण तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टात रद्द झाला. मग महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आत्याच्या वेळेस हा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला खटकली. योरुबा शहरांत बायकांची एक प्रमुख असायची, 'इयालोदे'. राजाच्या मंडळात बसून ती बायकांच्या वतीने बोलायची. एकोणिसाव्या शतकात इबादानची एफुन्सेतान अनिवुरा ही अशीच मोठी व्यापारी इयालोदे होऊन गेली. आपल्याकडे मासळीचा बाजार सगळा बायकांच्या जिवावर चालतो, पण कोकणातल्या बहुतेक गावकीच्या बैठकीत बाई दिसणार नाही. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्याला आहेत. गावकीत आरक्षण कसं आणणार? ती कागदावरच नाही! मी उद्या इंजिनिअर होऊन आले तरी माझी जागा आतल्या दाराशी.

मी आजीला रागाने म्हटलं, मोडून टाकायला पाहिजे ही गावकी. तर ती म्हणाली, "गावकी नसती तं त्या पावसात माझी लावनी कोन करनार होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. लावणी करणारे हात आणि दळण परत पाठवणारे हात एकाच रीतीचे आहेत. ज्या एकीमुळे मदत मिळते, त्याच एकीचा धाक पण असतो. म्हणून सावड राहू दे, भांडी राहू दे, मंडळ पण राहू दे. फक्त 'नाही' म्हणणाऱ्याला त्यातून कापायचा अधिकार कोणाला असता कामा नये.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. मागच्या सेमिस्टरला आमच्या वर्गाने मास बंक ठरवला (सर, माफ करा). एक मुलगी लेक्चरला बसली, कारण तिची अटेंडन्स कमी होती. त्यानंतर दोन महिने आमच्या विंगमध्ये तिच्याशी कोणी बोललं नाही. मेसमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसायचं नाही. सबमिशनला जर्नल द्यायचं नाही. ग्रुपमधून नंबर काढला. मी पण बोलले नाही. मला तिचा राग नव्हता, उद्या आपलं नाव कटेल ही भीती होती. आत्याच्या शेजारणीचं तरी दुसरं काय होतं?

प्रेझेंटेशनला पंचवीसपैकी सतरा मिळाले. मॅडम म्हणाल्या, योरुबा कमी आणि रायगड जास्त झालंय. त्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या रूमवर गेले. काय बोलायचं सुचेना, म्हणून एम-थ्रीचं जर्नल पुढे केलं. ती म्हणाली, "सबमिशन मागच्या आठवड्यात झालं." मग दार उघडं ठेवून तिने बाजूला सरकून जागा दिली.