पहिला कॅमेरा म्हणजे एक फाइल: फ्रिगेट आपल्या लॅपटॉपवर

कॉम्प्युटर व्हिजनमध्ये संशोधन करायचं ठरवलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कॅमेरा कोणता घेऊ? माझं उत्तर: कोणताच नको. निदान पहिले दोन महिने तरी नको. त्याऐवजी दहा मिनिटांचा एक व्हिडिओ घ्या आणि सॉफ्टवेअरला सांगा की हाच कॅमेरा आहे.

कारण सोपं आहे. समजा, विरार पूर्वेला स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर किती रिक्षा जातात हे तुम्हाला मोजायचंय. खरा कॅमेरा लावलात, आज सिस्टीमने 212 आकडा दिला. तो बरोबर की चूक? माहीत नाही, कारण तुम्ही स्वतः मोजलेलं नाही. उद्या तुम्ही कोडमध्ये एक ओळ बदलली आणि आकडा 180 झाला. तो बदल कोडमुळे झाला, पावसामुळे झाला, की मधे अर्धा तास वीज गेली होती म्हणून? सांगता येत नाही. तेच दहा मिनिटांची फाइल असेल तर ती एकदा डोळ्यांनी बघून, वहीत खुणा करून खरा आकडा काढता येतो. मग कोड कितीही वेळा बदला, रस्ता तोच राहतो. गाइडसमोर बसल्यावर "हे कशावरून?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असतं.

आता सॉफ्टवेअर. ओपन सोर्समध्ये जुनं नाव झोनमाइंडर, 2002 पासूनचं. सी प्लस प्लस, पर्ल, पीएचपी आणि मागे मायएसक्यूएलसारखा डेटाबेस, असा त्याचा संसार आहे. चांगलं आहे, पण डीप लर्निंगवर काम करणाऱ्याला त्यात शिरायला वेळ लागतो. मी फ्रिगेट सुचवते. बॅकएंड बराचसा पायथनमध्ये, समोरचा भाग रिॲक्टमध्ये, लायसन्स एमआयटी, आणि मुख्य म्हणजे वस्तू ओळखणं हे त्याचं मूळ कामच आहे.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर उत्तम. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल 2 घ्या, आणि रिपॉझिटरी सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये क्लोन करा, नाहीतर प्रत्येक गोष्ट रांगत चालते. डॉकर, त्याचं बिल्डएक्स प्लगइन, मेक आणि व्हीएस कोड एवढं लागतं. क्लोन केलेलं फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडलं की तो ‘कंटेनरमध्ये पुन्हा उघडू का’ असं विचारतो. हो म्हणा. पहिली बिल्ड मोठी असते, मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. एकदा ती झाली की पायथन कोड बदलल्यावर सगळी इमेज पुन्हा बांधावी लागत नाही, फक्त फ्रिगेटची प्रोसेस थांबवून परत सुरू करायची. समोरच्या भागावर काम असेल तर वेब फोल्डरमध्ये एनपीएमने वेगळा डेव्हलपमेंट सर्व्हर चालतो, त्याला चालू असलेल्या फ्रिगेटचा पत्ता दिला की झालं.

आता फाइलचा कॅमेरा कसा करायचा? फ्रिगेट व्हिडिओ वाचण्याचं काम एफएफएमपेगकडे सोपवतो आणि एफएफएमपेगला समोर कॅमेरा आहे की फाइल याने काही फरक पडत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या पत्त्याच्या जागी एमपी-फोर फाइलचा पाथ द्या आणि इनपुट आर्ग्युमेंट्समध्ये तीन गोष्टी लिहा. ‘आरई’ म्हणजे फाइल घाईने न वाचता खऱ्या वेळेच्या वेगाने वाच. ‘स्ट्रीम लूप’ला उणे 1 म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून, कायम. आणि ‘जेनपीटीएस’चा फ्लॅग, म्हणजे टाइमस्टॅम्प नसतील तिथे तयार कर. अडकायला होतं ते पाथपाशी. तो कंटेनरच्या आतला पाथ हवा, लॅपटॉपवरचा नाही. (दुसरं अडखळण्याचं ठिकाण वायएमएलचं इंडेंटेशन. टॅब चालत नाही, स्पेसच द्या.)

मोबाइलवर शूट केलेली फाइल जशीच्या तशी देऊ नका. मोबाइल अनेकदा एचईव्हीसीमध्ये आणि बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. एफएफएमपेगने ती आधी एच 264, 1280 बाय 720 आणि ठराविक फ्रेम रेटमध्ये आणा. शिवाय व्हिडिओची सुरुवात आणि शेवट रिकाम्या रस्त्यावर ठेवा. लूपच्या सांध्यावर रिक्षा अर्ध्यात असेल तर ती गायब होते, दुसरी हवेतून उगवते, आणि ट्रॅकर बिचारा दोन्ही मोजतो.

कंटेनर सुरू होताच ‘बस एरर’ देऊन मेला, तर घाबरू नका. डॉकर शेअर्ड मेमरी डीफॉल्टने 64 एमबीच देतो. 720पी ची एक फ्रेम साधारण 1.4 एमबी होते आणि फ्रिगेट अशा सुमारे वीस फ्रेम्स हाताशी ठेवतो. म्हणजे एका कॅमेऱ्याला साधारण 27 एमबी, वर लॉगसाठी आणखी 40. झाले 67. कंपोज फाइलमध्ये शेअर्ड मेमरी 128 एमबी करा.

इथवर आलात की स्क्रीनवर चौकोन दिसायला लागतात आणि फार आनंद होतो. पण लगेच आकडे काढायला बसू नका. आधी सिस्टीमच्या पानावर ‘स्किप्ड’ फ्रेम्स किती आहेत ते बघा. फ्रिगेट पूर्ण फ्रेम मॉडेलला देत नाही. आधी हालचाल कुठे आहे ते शोधतो, त्या भागाचे तुकडे करतो आणि ते 320 बाय 320 आकारात मॉडेलकडे पाठवतो. सेकंदाला 5 फ्रेम्स आणि प्रत्येकीत तीन हलते भाग, म्हणजे 15 तुकडे. तुमच्या सीपीयूला एका तुकड्याला 100 मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला 10 च होणार. उरलेलं सुटतं. क्रोममध्ये वीस टॅब उघडे असताना घेतलेला आकडा आणि रात्री सगळं बंद करून घेतलेला आकडा वेगळे येतात, फाइल तीच असूनही! म्हणून प्रत्येक रनसोबत सुटलेल्या फ्रेम्सची नोंद ठेवा. त्या शून्याच्या जवळ नसतील तर तो रन तुलनेसाठी बाद. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ओपनव्हिनो डिटेक्टर वापरून बघा, बराच भार हलका होतो.

आणि आता खरी गंमत. फ्रिगेटसोबत येणारं मॉडेल कोको डेटासेटवर शिकलेलं आहे. त्यातल्या 80 प्रकारांत जिराफ आहे, स्की आहेत, फ्रिसबी आहे. रिक्षा नाही. वसई-विरारच्या कुठल्याही नाक्यावर सगळ्यात जास्त दिसणारी वस्तू मॉडेलच्या शब्दकोशातच नाही! त्यामुळे तिला ते आपल्याकडचंच एखादं नाव देणार किंवा गप्प बसणार. लेबलमॅपमध्ये नाव बदलता येतं, पण नवीन प्रकार घालता येत नाही. फ्रिगेट स्वतःच ट्रकला ‘कार’ असं नाव देतो, कारण दोघांत गोंधळ होतो. म्हणजे लेबल बदलून ‘कार’ला ‘रिक्षा’ म्हटलंत तर फक्त पाटी बदलेल. खरं उत्तर म्हणजे रिक्षा शिकलेलं मॉडेल. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या पुढाकाराने तयार झालेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये ऑटोरिक्षा हा स्वतंत्र वर्ग आहे, तिथून सुरुवात करा. फक्त तो चालत्या गाडीतून टिपलेला आहे आणि तुमचा कॅमेरा दुसऱ्या मजल्यावरून खाली बघतोय. या कोनाच्या फरकाने काय होतं, हा एमएससीच्या प्रोजेक्टएवढा प्रश्न नक्की आहे.

स्टँडवरच्या रिक्षांचं आणखी एक. वस्तू साधारण 10 सेकंद हलली नाही की फ्रिगेट तिला स्थिर समजतो आणि तिच्यावर दर फ्रेमला मेहनत घेत नाही. घरच्या सुरक्षेसाठी हे शहाणपणाचं आहे, रांगेत थांबलेल्या रिक्षा मोजणाऱ्याला मात्र हे माहीत हवं.

व्हर्जनचं थोडक्यात. ‘स्टेबल’ हा टॅग सरकता असतो, आजचा स्टेबल सहा महिन्यांनी दुसराच. वहीत कमिट हॅश लिहा, मॉडेल फाइलचा आणि व्हिडिओचा चेकसमसुद्धा.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांत तुमच्यापेक्षा इतरांचं नुकसान जास्त होऊ शकतं. फ्रिगेटचा 5000 पोर्ट लॉगिन मागत नाही, लॉगिनवाला पोर्ट 8971. डॉकरमध्ये नुसता पोर्ट क्रमांक दिला तर तो सगळ्या नेटवर्ककडे उघडतो, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यूचे नियमही त्याला अडवत नाहीत. हॉस्टेलच्या वायफायवर असाल तर शेजारच्या खोलीतला कोणीही तुमचा व्हिडिओ बघू शकतो. पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहा, म्हणजे तो तुमच्या लॅपटॉपपुरताच राहील.

दुसरं, त्या फाइलमध्ये माणसं आहेत. भाजीवाल्या मावशी, शाळेतून येणारी मुलं, रिक्षांचे नंबर. त्यांना कोणी विचारलेलं नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून घ्या आणि शूटिंगच्या आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे जा, नंतर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडून ‘फुटेज द्या ना जरा’ म्हणून पेनड्राइव्ह भरून आणू नका, ते द्यायचा अधिकार बहुतेक वेळा त्यांनाही नसतो. चेहरे आणि नंबरप्लेट ओळखू येणार नाहीत इतक्या उंचीवरून आणि लांबून शूट करा, रिक्षा मोजायला चेहरे लागत नाहीत. आणि पहिला कमिट करण्याआधी व्हिडिओचं फोल्डर गिटइग्नोअरमध्ये आहे ना ते तपासा. एकदा गिटहबवर गेलेली फाइल पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी इतिहासात तशीच राहते.