ट्रॅक्टर पाणी का पितो?
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



ऊस तोडल्यावर जितक्या लवकर गाळपास येईल तितके वजन व उतारा टिकतो. ट्रॅक्टर वाटेत तापून उभा राहिला तर ट्रॉलीतला ऊस वाळतो, तोडणीची टोळी बसून राहते, आणि इंजिन खोलावे लागले तर हंगामाची कमाई गॅरेजात जाते. जुन्या ट्रॅक्टरबाबत "रोज एक तांब्या पाणी घातलं की भागतं" असे पुष्कळजण म्हणतात. परंतु रेडिएटरचे पाणी हवेत उडून जाण्यासाठी नसते. ते कमी होत असेल तर कुठेतरी वाट आहे, ती शोधली पाहिजे.

प्रथम रेडिएटर थंड असताना पाण्याची पातळी गळ्याखाली एक इंच ठेवा. काठोकाठ भरल्यास पाणी तापून फुगते व वरच्या नळीतून सांडते. ती गळती नव्हे. मग चार दिवस रोज सकाळी किती पाणी घालावे लागले ते लिहून ठेवा.

बाहेरची गळती : रबरी नळ्या, त्यांच्या पट्ट्या, रेडिएटरखालची तोटी आणि ब्लॉकची बुचे पाहा. पाणी वाळून पांढरा किंवा तांबूस डाग राहिला असेल तर तीच जागा. वॉटर पंपाच्या खाली एक लहान भोक असते. तेथून थेंब पडत असतील तर आतले सील गेले. भोक बुजवू नका, पंप दुरुस्त करा. झाकणाचे रबरही तपासा. झाकण दाब धरते म्हणून पाणी उशिरा उकळते. ७ पौंडाचे झाकण चांगले असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. रबर चिरले की हा फायदा गेला, आणि पाणी वाफ होऊन निघून जाते.

आतली गळती : बाहेर कोठेच ओल नाही, तरी पाणी कमी होते, तेव्हा सावध व्हा. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचे ऑइलचे बूच सकाळी हळूच सैल करा. पाणी जड असल्याने आधी पाणीच बाहेर येते. थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट फुटल्याचा किंवा हेडला चीर गेल्याचा संशय घ्यावा. काही इंजिनांत लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्यानेही पाणी ऑइलमध्ये उतरते. असा ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडूच नये. पाणी मिसळलेल्या ऑइलने बेअरिंगे जातात.

पाणी कमी होत नाही, तरी तापतो : रेडिएटरच्या जाळीत पाचट व धूळ बसली आहे का पाहा. इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूने बाहेर हवा किंवा पाणी मारावे. पट्टा अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. अधिक सैल असेल तर पंखा व पंप दोन्ही मंद फिरतात. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत चुकीची आहे. इंजिन थंड चालून झीज वाढते. तो टोपात पाण्यासोबत तापवावा. पाणी उकळायच्या आत उघडला नाही तर बदलावा.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत खपली धरते आणि उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून, डब्यावरील प्रमाणानेच वापरावे.

तापलाच तर : ट्रॅक्टर बाजूला घ्या. पाणी शिल्लक असेल तर थोडा वेळ मंद चालवून मग बंद करा. पाणी गेले असेल तर लगेच बंद करा. गरम झाकण उघडू नका, वाफेने तोंड-हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा, मग गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा व दाब जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेड तडकते.

ही सर्व तपासणी एका सकाळचे काम आहे. मोळी टाकण्याआधी ती उरकावी, म्हणजे हंगामात वाट अडणार नाही.