हाताला रजा
(ऑपरेशननंतरचं घर : भाग 6)

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते : ‘जड वस्तू उचलू नयेत.’ स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि त्यासोबत स्तनाची पुनर्रचना झालेली बाई हे कार्ड घेऊन छत्रपती संभाजीनगरातल्या आपल्या घरी येते आणि दोन दिवसांत नळाला पाणी येतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, इथे नळ रोज येत नाही. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही या शहरानं वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केलेत. नळ आला की ड्रम, हंडे, पातेली, जे हाती लागेल ते भरायचं, मग वेळ पहाटेची असो की रात्रीची. आजवर हे काम जिनं केलं, ती पलंगावर पडून पाण्याचा आवाज ऐकत राहील असं समजणं भाबडेपणाचं आहे. ती उठते.

15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो. डॉक्टरांच्या मनातलं ‘जड’ पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन किलोंपासूनच सुरू होतं. गॅसच्या टाकीत नुसता गॅसच 14.2 किलो, लोखंड वेगळं. ती उचलणं तर सोडाच, पायानं-हातानं सरकवणंही नको. माझं म्हणणं एवढंच की ती ओळ पेशंटला नाही, घराला उद्देशून लिहायला हवी आणि नावं घेऊन : बादली, हंडा, सिलिंडर, दळणाचा डबा, कडेवरचं पोर.

मागच्या भागात पुनर्रचनेच्या पद्धती पाहिल्या. घरातली बंधनं त्या पद्धतीवर ठरतात. सिलिकॉनचा इम्प्लांट पुष्कळदा छातीच्या स्नायूखाली बसवतात. हा स्नायू रेटण्याच्या कामाचा. ज्वारीचं पीठ मळताना तळहाताच्या टाचेनं परातीत जो जोर लावतो, तो इथूनच येतो. भाकरी थापणं त्यामानानं हलकं, खरी परीक्षा मळण्यात. जमिनीवर हात टेकून उठतानाही तोच स्नायू ताणला जातो, म्हणून खाली अंथरूण घालून झोपणाऱ्यांनी निदान महिनाभर पलंगाची सोय करावी. पाठीचा स्नायू पुढे आणून स्तन घडवला असेल तर ओढण्याची कामं अवघड : दुकानाचं शटर, विहिरीचा दोर. पोटावरची त्वचा-चरबी वापरली असेल तर टाके दोन ठिकाणी. मग पहिले काही दिवस किंचित वाकूनच चालावं लागतं आणि सरळ उठून बसण्याऐवजी कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठावं लागतं.

याचा अर्थ हात गळ्यात बांधून ठेवायचा, असा मात्र नाही. ती चूक घरोघरी होते, आणि प्रेमापोटी होते. सासूबाई घास भरवतात, लेक वेणी घालून देते, हात अंगाला चिकटून राहतो आणि महिन्याभरात खांदा धरतो. पुढे रेडिएशन घ्यायचं असेल तर हात डोक्यावर नेऊन निजावं लागतं. धरलेल्या खांद्यानं ते जमत नाही. जेवणं, दात घासणं, कोपर खाली ठेवून केस विंचरणं हे पहिल्या दिवसांपासून स्वतःच्या हातानं व्हावं. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातातल्या घट्ट बांगड्या उतरवून ठेवा, हाताला सूज चढू शकते.

आता नळीबद्दल, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त धास्ती तिचीच असते. जखमेत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून एक-दोन नळ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला दाबून ठेवायचा डबा किंवा फुगा. तो दबलेला असेल तरच ओढतो. फुगला की रिकामा करून, दाबून, मग झाकण लावायचं. हात साबणानं धुऊन रोज ठरल्या वेळी मापाच्या पेल्यात ओतायचं, नळ्या दोन असतील तर दोन्हींचं माप वेगळं आणि वहीत तारखेसमोर आकडा. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असा रंग फिका होत जातो. 24 तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आकडा सलग एक-दोन दिवस राहिला की बहुतेक सर्जन नळी काढतात. डबा लोंबकळू देऊ नये. पुढून उघडणारा गाऊन आणि गळ्यात अडकवलेली कापडी पिशवी, एवढ्यावर भागतं. परकराच्या नाडीला डबा बांधला की तो बाथरूममध्ये हमखास विसरला जातो आणि हिसका बसतो. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासूनचे पेशंट येतात. परत तपासणीला एसटीनं येताना काखेखाली छोटी उशी धरली तर खड्डे सोसतात.

एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. नव्या स्तनावरची त्वचा बधिर असते. काहींची संवेदना थोडीफार परत येते, काहींची नाही. आणि आपल्याकडे दुखलं की शेक. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, ओव्याची पुरचुंडी. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. छातीवर शेक नाही, बर्फही नाही.

दुसरी गोष्ट मिश्रीची. ऑपरेशनआधी ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते, आणि ते खरंच असतं. मिश्री लावता का, हे तिला कुणी विचारत नाही. जाळलेल्या तंबाखूचं निकोटिनही रक्तवाहिन्या आकसतं, आणि हलवून बसवलेली त्वचा जगते ती बारीक रक्तवाहिन्यांच्याच जिवावर. आधीचा आणि नंतरचा किमान महिनाभर मिश्री पूर्ण बंद हवी. सवय पन्नास वर्षांची असली तर हे सोपं नाही. पण लपवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितलेलं बरं.

भेटायला येणाऱ्यांच्या आहारसल्ल्यांचं काय करावं? भातानं जखम चिघळते, तुरीच्या डाळीनं पू होतो, अंडं उष्ण. ऐकून घ्यावं आणि वरण-भात वाढावा. जखम भरायला प्रथिनं लागतात : डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी. मधुमेह असला तर साखर आटोक्यात. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट जड होतं. पाणी आणि पालेभाजी वाढवली तर कुंथावं लागत नाही.

छातीची पुनर्रचना फक्त कर्करोगानंतर होत नाही. ट्रान्स पुरुष छाती सपाट करून घेतात, तेव्हाही नळी, घट्ट जाकीट, हात वर न नेणं हे सगळं जवळपास असंच. स्तनाग्रं काढून पुन्हा बसवली असतील तर त्यांवरचं ड्रेसिंग सर्जनशिवाय कुणी उघडू नये. इथल्या मे महिन्यात 40 अंशांपुढे ते जाकीट म्हणजे शिक्षाच. आत सुती बनियन आणि शक्य तर हिवाळ्यातली तारीख. त्यांची खरी अडचण वेगळी असते : डबा रिकामा करणारं माणूस कोण? ज्या घरानं मूळ निर्णयच मान्य केला नाही, तिथे सहा आठवडे दुसऱ्याच्या हातावर राहायचं कसं? मराठवाड्यात लिंगबदल शस्त्रक्रियेची मोठी चर्चा झाली तीही रजेच्या अर्जावरून. बीड पोलिस दलातल्या ललित साळवे यांना 2017मध्ये रजा नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2018मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती छातीची नव्हती, पण बरं व्हायला रजा लागते हा मुद्दा तोच.

पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नये अशी लक्षणं थोडी आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून टणक होणं, डब्यात एकदम भरपूर ताजं रक्त येणं, नव्या त्वचेचा रंग निळा-काळा किंवा पांढराफटक पडणं, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, पोटरी दुखून सुजणं, दम लागणं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. कोणत्या गाडीनं, कुणासोबत, हे आधीच ठरवून ठेवावं; गावातून येणाऱ्यांनी तर नक्कीच.

पुढच्या आठवड्यात : व्रण, ऊन आणि ब्लाउजचं नवं माप.