हुलगा मागे का पडला?

मी शेतीशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण 'मूल्य' आणि 'किंमत' यांतला फरक वर्गात सांगताना मला नेहमी हुलगा आठवायचा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तोच आपला मराठवाड्यातला हुलगा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या हलक्या, मुरमाड रानात दोन पावसांवरही तग धरणारं हे पीक. खत मागत नाही, फवारणी फारशी मागत नाही, उलट जमिनीत नत्र ठेवून जातं. मग शेतकऱ्यानं ते सोडलं का? 'लोकांना कळत नाही' असं उत्तर आपण शहरात बसून देतो. माझ्या मते ते चूक आहे. लोकांना चांगलं कळतं.

जरा तारखा जुळवून बघा. आपल्याकडे हुलगा बहुधा ऑगस्टच्या सुमारास पेरतात आणि त्याला साधारण साडेतीन महिने लागतात. म्हणजे काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात. आणि बीडचा कोयता कधी निघतो? दसरा-दिवाळीच्या आगेमागे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फेडायची तर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जावंच लागतं. हुलगा हातानं उपटायचा, वाळवायचा, झोडपायचा. हे काम बहुतेक बाईचं. ती तर उसाच्या फडात मोळ्या बांधतेय! घरी राहिलेल्या म्हातारीकडून एकरभर हुलगा उपटून होणार आहे का? सोयाबीन जूनमध्ये पेरलं की दसऱ्याच्या सुमारास निघतं, विकलं जातं, आणि मग घराला कुलूप. कापूस पुढे लांबतो हे खरं, पण त्यातून वेचणीची मजुरी तरी सुटते.

आता बाजाराचं बघू. केंद्र सरकार तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाच डाळींना हमीभाव जाहीर करतं. हुलगा त्यात नाही. पीकविम्याचा 'बीड पॅटर्न' राज्यभर गाजला, पण खरिपाच्या विम्याच्या यादीत हुलगा नाही. थोडक्यात, सरकारी कागदावर तो पीकच नाही. चार पायल्या घेऊन आडतीवर गेलेल्या माणसाला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

शिवाय एक गिऱ्हाईक कायमचं गेलं, ते म्हणजे बैल. हुलगा भरडून, भिजवून बैलांना चारायचे. घरोघरी ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला, दावणी रिकाम्या झाल्या आणि घरचा हा खप संपला.

राहिला माणूस. माझी आई हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे करायची. पाहुणे आले की मात्र तुरीचं वरण! हुलगा म्हणजे दुष्काळातलं, गरिबाचं खाणं, ही लाज आमच्याही घरात होती. आज पुण्यातल्या दुकानात तोच हुलगा सुंदर पाकिटात मिळतो, आणि पाकिटावरच्या दरातलं फार थोडं आष्टीला पोचतं.

वाण नाही असंही नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेल्या एका वाणाचं नावच 'सीना' आहे, आष्टीच्या शिवेवरून वाहणाऱ्या नदीचं. पण बियाणं सुधारून डिसेंबरात उपटायला हात कुठून येणार? मागे एका गावात मी हाच प्रश्न विचारला. एक बाई हसून म्हणाल्या, "सर, आम्ही गावात ऱ्हायलो तर हुलगं बी ऱ्हातील."